दरसूचीत नसलेली बाब

परिपत्रक आलं आषाढात, मी उघडलं श्रावणात,
मधले नऊ दिवस आमच्या उपविभागाला वीज नव्हती.
शासकीय वाहनतळांवर, त्यात लिहिलं होतं,
दर पाच गाड्यांमागे एक चार्जिंगची जागा बंधनकारक.
बंधनकारक, ठळक अक्षरात.
आणि शेवटी, बारीक टायपात:
खर्च उपलब्ध तरतुदीतून भागवावा.

देवगडच्या तहसीलचा वाहनतळ म्हणजे
जांभ्याचं उघडं खळं, एक उंडी,
तिच्याखाली अकरा गाड्या
आणि बाराव्या जागेवर
जुवाटकरांचं मुद्रांकांचं टेबल, पायाखाली नारळाची करवंटी
एक पाय आखूड आहे म्हणून.
अकराला पाचाने भागलं. दोन आले, एक उरला.
साहेब फोनवर म्हणाले, तीन धरा.

टेपचं दुसरं टोक धरायला बाबी कुबल,
वायरमन, निवृत्तीला चौदा महिने.
रोहित्र खाली बंदराच्या उतारावर.
एकशे साठ मीटर, आणि मधे सगळा कातळ.
कातळ फोडायचा दर दरसूचीत आहे,
ज्याने तो ठरवला त्याने हा कातळ पाहिला नसावा:
वरून चाळणी,
पहार घातली की दात विचकतो.

केबल. चर. चराच्या वाटेत उंडीची मुळं
(हिच्या बियांच्या तेलावर
एके काळी इथले दिवे जळायचे,
ही नोंद कुठल्या लेखाशीर्षाखाली करतात
मला शिकवलेलं नाही).
अर्थिंगचे सहा खड्डे, दर खड्ड्याला कोळसा
आणि मीठ.
मीठ! इथे ते वाऱ्यानेच येतं, फुकट,
दाराच्या बिजागरीपर्यंत.
वाटलं, तेवढी रक्कम वजा दाखवावी.

बाबी म्हणाला,
"बाय, ह्यां लोखंड खाऱ्या वाऱ्यात कितके दिस रवतलां?"
कंपनी पाच वर्षं म्हणते, मी म्हटलं.
तो काही बोलला नाही.
बंदरावरच्या दिव्याच्या खांबाला त्याने नख लावलं,
पापुद्रा निघाला,
हातात घेऊन दोघांनी पाहिला.

बेरीज रात्री केली. बावीस लाख चाळीस हजार.
अभिलेख कक्षाच्या छपराचे दोन लाख दहा हजार
चार वर्षं प्रलंबित आहेत,
तिथे फेरफाराच्या नोंदींशेजारी तीन बादल्या ठेवलेल्या असतात.
तीन यंत्रं, तीन बादल्या.
हा योगायोग मी टिपणीत घातला नाही.

तालुक्यात सरकारची एकही गाडी विजेवर चालत नाही.
माझी स्कूटर पेट्रोलची, लपवत नाही.
विजेवर चालते ती रुक्साना मुकादमची तीनचाकी,
पहाटे चारला बर्फाच्या लाद्या बंदरावर नेते.
रात्री बर्फाच्या कारखान्यात लावते,
मालक धंद्याच्या दराने पैसे घेतो
आणि वर दोन लाद्या उचलायला सांगतो.
टेप बघून थांबली.
"म्हणजे रात्रीची इथे लावू देतील?"

फाटक सव्वासहाला बंद होतं.
चौकीदाराचं पद मंजूर आहे, माणूस नाही.
मी हे तिला सांगितलं नाही, बघू म्हटलं,
जसं या इमारतीत सगळेच म्हणतात.
"आणि एक रात्र कितीला पडेल?"

दरसूचीत नसलेल्या बाबीला तीन दरपत्रकं लागतात.
जुवाटकरांचं टेबल हलवणे, एक नग:
कुणाकडून मागवू?
त्यांनीच विचारलं, करवंटीसकट की करवंटीशिवाय,
आणि हसले, आणि शिक्का शोधायला लागले
जो त्यांच्या हातातच होता.

अंदाजपत्रकाच्या शेवटी मी एक ओळ जास्त लिहिली.
बाब क्रमांक एकोणीस: फाटक रात्री उघडे ठेवणे.
परिमाण, रात्र.
दर,

फाइल सावंतवाडीहून परत आली आहे.
एकोणिसाव्यासमोर पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह.
बावीस लाखांवर कुणी काही विचारलेलं नाही.